बेतीहून आग्वादला निघालेला मेजर

माझी आई गोव्यातल्या वेऱ्याची, बेतीजवळची. 1961 साली ती नऊ वर्षांची होती. 18 डिसेंबरच्या रात्री आजीने दिवा विझवला आणि पोरांना भिंतीला टेकवून बसवलं, एवढं तिला पक्कं आठवतं. चुलीवर पेजेचं मडकं तसंच राहिलं. बाहेर कुठेतरी लांब आवाज झाला की आजी म्हणायची, "पाखले." पाखले म्हणजे पोर्तुगीज.

त्या रात्री बेतीच्या धक्क्यावर, पोर्तुगिजांकडून गोवा सोडवायला निघालेल्या भारतीय लष्कराचे रणगाडे येऊन थांबले होते. थिवीमार्गे आलेले. समोर मांडवी, पलीकडे पणजी, आणि नदी ओलांडायचा हुकूम अजून आलेला नव्हता. त्या तुकडीत 7 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू होते. रात्री आठच्या सुमारास पणजीहून ग्रेगोरिओ माग्नो आंताव नावाचा गोंयकार नदी ओलांडून आला. पोर्तुगीज अधिकाऱ्याचं पत्र त्याने सिद्धूंच्या हाती दिलं. शरणागतीबद्दल बोलायचं आहे, दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवावा, असा त्यातला मजकूर.

मी या पत्रापाशी दरवेळी अडते. पत्र हातात पडलेला माणूस रात्रभर बेतीला बसून राहिला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण मांडवीच्या मुखावरच्या आग्वादच्या किल्ल्यात भारताच्या बाजूची माणसं कैदेत आहेत असं सिद्धूंना कळलं, आणि ते त्याच रात्री तुकडी घेऊन तिकडे निघाले. किल्ल्यातल्या शिपायांपर्यंत मात्र शरण जाण्याचा हुकूम पोचला नव्हता. त्यांनी गोळीबार केला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथेच पडले.

19 तारखेला सकाळी साडेसातला शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या पणजीत उतरल्या, कुणी अडवलं नाही. रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने शरणागती पत्करली. पोर्तुगीज राजवटीची 451 वर्षं संपली.

याच आग्वादमध्ये 1946 साली राममनोहर लोहियांना कोंडलं होतं, हे आमच्या शाळेत शिकवलं गेलं. सिद्धूंचं नाव मी पस्तिशी उलटल्यावर ऐकलं. मला याचा राग येतो. ज्यांना सोडवायला ते गेले, ती आपलीच माणसं होती.

गेल्या वर्षी आईला स्कूटरवर मागे बसवून बेतीहून निघाले. वेरे, नेरूल, शिकेरी. वीस-पंचवीस मिनिटांची वाट. आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झालाय. कोठडीच्या जाड दाराला आईने हात लावला आणि विचारलं, "तो मेजर केवढा होता गो?"

"म्हणजे?"

"वयान. त्याची आवय जिवंत आसतली मगो तेन्ना?"

मग ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली, मांडवीच्या मुखाकडे तोंड करून. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही.