उलटी सीटी आणि मुलींचं हॉस्टेल

मराठवाड्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात जुनी वीजमीटरं काढून मल्टिफंक्शन (युनिटबरोबर करंट, किलोवॅटही दाखवणारी) मीटरं बसवायची आणि सगळ्यांचं रीडिंग एका स्क्रीनवर आणायचं, असं आमचं काम होतं. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, केबलमधला मोठा करंट मीटरला झेपेल एवढा लहान करून देणारा. त्या जुन्या सीटी तपासायचं टेंडरमध्ये कुठेच नव्हतं. टेंडर लिहिणारे पॅनलचं दार उघडून बघतच नाहीत.

मीटर बसवणं सोपं, रीडिंग पोहोचवणं अवघड. रीडिंग वाहून नेणारी आरएस-४८५ ची केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीनंच न्यायची, मध्ये फाटे फोडायचे नाहीत, ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्डला (केबलवरच्या धातूच्या आवरणाला) अर्थिंग एकाच टोकाला. इमारतीतून इमारतीत मात्र तांब्याची तार नकोच, फायबरच टाका, यावर मी अडून बसलो. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कोसळतात ते सगळ्यांना माहीत आहे. जवळ एक वीज पडली की ओळीनं पोर्ट जळतात. फायबर टाकलं गेलं, आणि ते काम देखणं झालंय.

घोळ निघाला एका ट्रान्सफॉर्मरवर. त्याच्यावर तीन फीडर, म्हणजे इमारतींना वीज नेणाऱ्या लाईनी: प्रशासकीय इमारत, ग्रंथालय, मुलींचं हॉस्टेल. तिघांची बेरीज मेन मीटरशी जुळेना. जुन्या रजिस्टरमध्येही हीच तफावत होती आणि तिचं खापर हॉस्टेलवर फुटत आलं होतं. खोल्यांची झडती, शेगड्या जप्त, दंडाच्या नोटिसा. अहो, खोलीत हीटर लावला तर तो हॉस्टेलच्या मीटरवर चढणारच ना! त्यानं तफावत कशी पडेल? एवढा साधा हिशेब कुणी मांडला नव्हता. उलट नवी मीटरं लागल्यावर तर, "आता मीटरचा दोष नाही, म्हणजे चोरीच," असं बैठकीत ठामपणे सांगितलं गेलं.

कोडं सुटलं ते तिथल्या वायरमन मामांमुळे. प्रशासकीय इमारतीच्या फीडरला त्यांनी टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र) लावला आणि मला हाक मारली. "साहेब, तिन्ही फेजला करंट सारखाच दाखवायलाय. मग मीटरवर किलोवॅट एवढेच कसे?"

मी मीटरवर फेजनिहाय पान काढलं. आर ४१, वाय ४२, बी उणे ४१. बेरीज ४२. खरा लोड १२४ किलोवॅट! बी फेजच्या सीटीची एस-१, एस-२ टोकं उलटी जोडलेली, त्यामुळे त्या फेजची वीज परत चाललीय असं मीटर धरत होतं. लोड बहुतेक थ्री-फेज एसीचा, तिन्ही फेजवर सारखा, म्हणून रीडिंग जवळजवळ एक तृतीयांश. सॉफ्टवेअरवाल्यांनी स्क्रीनवर फक्त एकूण किलोवॅट घेतले होते, उण्याचं चिन्ह तिथं पोहोचलंच नाही.

दुरुस्ती दोन तारांची. पण चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) उघडायची नसते, टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. सेकंडरी शॉर्ट करायला टेस्ट टर्मिनल ब्लॉक लागतो, जुन्या पॅनलमध्ये तो नव्हता. म्हणजे शटडाऊन आलाच. हॉस्टेलची लाईट भर परीक्षेत घालवताना ज्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, त्यांनी स्वतःच्या इमारतीसाठी रविवारपर्यंत थांबवलं. रविवारी मामांनी तारा बदलल्या, नवा टेस्ट ब्लॉकही बसवला. सोमवारी भर दुपारी, सगळे एसी चालू असताना, बेरीज मेनशी जुळली.

माझ्या अहवालातलं "चुकीची पोलॅरिटी दुरुस्त केली" एवढं वाक्य स्वीकारलं गेलं. हॉस्टेलवरचा ठपका लेखी मागे घ्यावा आणि दंड परत करावा, हा परिच्छेद "तांत्रिक नाही" म्हणून काढायला सांगितला. मी तो काढलेला नाही. ज्यांनी दंड भरला त्यातल्या कितीतरी मुली शिकून निघूनही गेल्या असतील; त्यांना कोण आणि कसं कळवणार, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पुढच्या प्रत्येक कामात फेजनिहाय किलोवॅट स्क्रीनवर दिसलेच पाहिजेत आणि टाँग टेस्टरशी ताडून मगच मीटर ताब्यात द्यायचं, ही अट मी आमच्या कंपनीकडून मंजूर करून घेतली आहे.