कप राहिला मागे

दुपारी जेवण अंगावर आलं की मी मोबाईलवर जुने सामने बघत लोळतो. कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी माझं देणंघेणं नसतं. परवा असाच आयर्लंडचा गेलिक फुटबॉल समोर आला. मजेशीर खेळ आहे. चेंडू हातात घेऊन पळा, पण चार पावलांत एकदा टप्पा द्या, नाहीतर पायाने उडवून परत हातात घ्या. त्या काळी आडव्या दांडीवरून मारला की एक गुण, खालून जाळ्यात गेला की तीन. त्या कृष्णधवल गर्दीतून केरी काउंटीचा, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याचा, एक उंच गडी सरळ वर उठला, दोन्ही हात डोक्याच्या वर. चेंडू बोटांत रुतवला, छातीशी ओढला आणि खाली आला. हा मिक ओ'कॉनेल.

राहणार व्हॅलेन्शिया बेटावर. अटलांटिकच्या तळातून अमेरिकेला तार गेली ती याच बेटावरून, आणि हा नोकरीला तिथल्याच तारघरात. सरावाला जायचं तर आधी होडी वल्हवत खाडी ओलांडायची, मग पुढचा रस्ता. मिळकत काय? छदाम नाही. हा खेळ हौशी, काउंटीसाठी खेळायचं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं.

१९५९ साली तो केरीचा कप्तान होता. डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गॉलवे काउंटीला हरवलं. ३ गोल ७ गुण विरुद्ध १ गोल ४ गुण, म्हणजे धुव्वाच. अजिंक्यपदाचा सॅम मॅग्वायर कप हातात आला. आणि सांगतात असं, की कप ड्रेसिंग रूममध्येच राहिला आणि कप्तान निघाला घरी. शेवटचा टप्पा अर्थातच होडीने.

मला आमचे अण्णाकाका आठवले. अक्षता टाकल्या, आहेर दिला, पंगतीत मठ्ठ्याची वाटी रिकामी केली की अण्णा गायब. ‘अण्णा कुठेत?’ म्हणून मांडवात शोधाशोध, आणि अण्णा धोतराचा सोगा सावरत एसटी स्टँडवर. ‘घर काय पळून चाललंय का यांचं?’ असं आई दरवेळी म्हणायची. रक्तातच असावं. कुठल्याही समारंभात मी दाराजवळची खुर्ची धरतो आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांनी खिशातून कागद काढला रे काढला, की माझे पाय चपलांत.

ओ'कॉनेलच्या त्या निघून जाण्यात लोकांना विरक्ती दिसते, गूढ दिसतं. मला नाही दिसत. बेटावरच्या माणसाच्या डोक्यात होडीच असणार. त्याची अजिंक्यपदं चार: १९५९, १९६२, १९६९, १९७०. बेटाला जोडणारा पूल झाला १९७१ मध्ये! म्हणजे चारही वेळा जिंकून घरी परतताना मध्ये पाणी होतंच. पूल झाल्यावर, पस्तिशीत, तो आणखी एक अंतिम सामना खेळला. १९७२ सालचा. बरोबरी झाली आणि फेरसामन्यात ऑफलीने केरीला हरवलं.

आता पूल आहे म्हटल्यावर तो गडी सामन्यानंतर चार घटका रेंगाळला असेल का? वाटत नाही. अण्णांच्या गावाला पुढे दर तासाला एसटी सुरू झाली. तरी पंगतीतून उठले की अण्णा थेट स्टँडवरच.