बारा सेंटिमीटर आतडे

पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या डब्यातून लहान आतड्याचा 12 सेंटिमीटरचा तुकडा आला. सोबतच्या कागदावर शल्यचिकित्सकांनी दोनच शब्द लिहिले होते : ‘टायफॉइड? क्षय?’ रुग्ण 19 वर्षांचा मुलगा होता. तीन आठवडे ताप, अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि मग एका रात्री पोटात असह्य कळ. पोट उघडले तेव्हा आतड्याला दोन छिद्रे पडलेली होती. गोळ्या आधीच घेतलेल्या असल्याने रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीही वाढले नव्हते. क्षय ठरला असता तर त्या मुलाला किमान सहा महिने औषधे घ्यावी लागली असती, म्हणून उत्तर आता त्या तुकड्यातच शोधायचे होते.

तुकडा उभा चिरला तेव्हा व्रण आतड्याच्या लांबीच्या दिशेने पसरलेले दिसले. क्षयाचे व्रण सहसा आडवे, आतड्याला वेढा घालणारे असतात. अंदाज आला होता. पण नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर अहवाल देणे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मी नेहमीप्रमाणे आधी निरोगी कडा पाहिली. तिथे सारे जागच्या जागी होते : श्लेष्म स्रवणाऱ्या, थेंबासारख्या दिसणाऱ्या गॉब्लेट पेशी, आणि खालच्या ग्रंथींच्या तळाशी गडद गुलाबी कणांनी भरलेल्या पॅनेथ पेशी, ज्या लायसोझाइम आणि डिफेन्सिन सोडून जंतूंना अस्तरापासून दूर ठेवतात. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. त्यामुळे जंतू शिरलेली पेशीही आतड्याच्या पोकळीत टाकून देता येते.

मग काचेची पाटी सरकवून मी व्रणाजवळ आले. शेवटच्या भागातील लहान आतड्यात लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचे जे पुंजके असतात, ज्यांना पायर पॅचेस म्हणतात, त्यांच्यावरील अस्तरात एम पेशी असतात. पोकळीतील जंतूंचे नमुने उचलून खालच्या संरक्षक पेशींकडे सोपवणे हे त्यांचे काम, आणि टायफॉइडचा जंतू नेमका याच वाटेने आत शिरतो. आत मॅक्रोफेज या भक्षक संरक्षक पेशी त्याला गिळतात, परंतु तो त्यांच्या पोटातच जिवंत राहतो व वाढतो. त्याच्या अंगावरील ‘व्हीआय’ नावाच्या आवरणामुळे धोक्याची सूचना मंदावते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची झुंड, जी इतर अनेक जंतुसंसर्गांत प्रथम धावून येते, इथे फारशी येत नाही.

पाटीवर अगदी हेच होते. मॅक्रोफेजांची दाटी, त्यांतील कित्येकांच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी, भोवती लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशी. न्यूट्रोफिल मात्र व्रणाच्या पृष्ठभागापुरतेच. सुजून फुगलेला तो पुंजकाच शेवटी मृत होऊन गळून पडला होता आणि त्याच्याखाली भिंत फुटली होती. संरक्षणासाठी जमलेल्या पेशींच्या गर्दीनेच भिंत दुबळी व्हावी, हे इतक्या वर्षांनंतरही मला अस्वस्थ करते.

दुपारी शल्यचिकित्सकांचा फोन आला. ‘‘मॅडम, नक्की सांगा, सहा महिन्यांचा प्रश्न आहे.’’

‘‘सर, संध्याकाळपर्यंत थांबा. लसिकाग्रंथी आणि झील-नील्सनच्या पाट्या पाहून सांगते.’’

ग्रंथींमध्ये क्षयाच्या गाठी नव्हत्या, दह्यासारखी मृत झालेली ऊतीही नव्हती. झील-नील्सनच्या रंगाने क्षयाचे जंतू लाल दिसतात; तसा एकही जंतू सापडला नाही. आणखी खोलवरचे काप घेऊन पाहिले, चित्र बदलले नाही. मी ‘टायफॉइडजन्य व्रण व छिद्र’ असे लिहिले.

अहवाल न्यायला मुलाचा मोठा भाऊ आला. ‘‘मॅडम, तेवढाच भाग खराब होता ना?’’ त्याने विचारले. मी त्याला खुर्चीवर बसवले आणि व्रणाची कडा दाखवली. तिथे चपट्या झालेल्या अस्तराच्या पेशींचा एकेरी थर व्रणाच्या तळावर थोडासा सरकून आलेला होता.

‘‘हे काय आहे?’’

‘‘नवे अस्तर. भरून यायला सुरुवात झाली होती.’’

तो बराच वेळ डोळा लावून पाहत राहिला.