चार काकऱ्या

आबांचे टाळ मी पहिल्यांदा गळ्यात अडकवले ते गेल्या कार्तिकीला. त्यांनी बावीस वाऱ्या केल्या, मी तोवर एकही नाही. दिंडीत आपल्या घरचा माणूस दिसत नाही, असं आई दरवर्षी म्हणायची. मी कधी ऊसतोडीची टोळी, कधी म्हैस, कधी पोरांच्या परीक्षा पुढं करायचो. गेल्या साली तिनं काही न बोलता टाळ चिंचेनं घासून लख्ख करून ठेवले आणि माझी बोलती बंद झाली.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. दुकानाची पाटी कानडीत आणि आतली उधारीची वही मराठीत, असला आमचा मुलूख. दिंडी लहान, साठ-पासष्ट माणसं. पुढं पताका, मग टाळकरी, मधे वीणेकरी, त्यामागं तुळशी घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांची बोचकी वाहणारा एक टेम्पो. तुळशीवाल्या बायकांत शेजारची काकी होती. तिची आमची रानं लागून आहेत, मधे फक्त बांध. ती दिंडीत आहे हे मला निघायच्या आदल्या रात्री कळलं. खरं सांगायचं तर तेव्हाच मागं फिरावंसं वाटलं होतं.

त्याचं कारण बांध. आबांनी तो कोरला होता. एकदम नव्हे, दरवर्षी नांगरटीला वीतभर. मी शाळेत असताना बैलांपुढं चालायचो, तेव्हा ते हळूच म्हणायचे, "जरा तिकडनं घे." सात-आठ वर्षांत काकीच्या चार काकऱ्या आमच्या सरीत आल्या. हद्दीचा दगड एके दिवशी आमच्या गोठ्याच्या पायरीत बसला.

आणि हाच माणूस 1981 ला निपाणीत तंबाखूच्या दरासाठी हायवेवर बसला होता. त्या आंदोलनात गोळीबार झाला, शेतकरी मेले. आबांच्या पिंढरीवर लाठीचा काळा वळ होता तो मरेपर्यंत गेला नाही. कुणी विचारलं की धोतर वर करून दाखवायचे. तो वळ आणि तो दगड एकाच माणसाचे, हे गणित मला कधी सुटलं नाही. लहानपणी मी त्यांची वजाबाकी करायचो. एवढं चांगलं, त्यातून एवढं वाईट गेलं, तरी बरंच शिल्लक उरतं. वडिलांच्या बाबतीत पोरगं हिशेबात फार उदार असतं.

पहिल्या दिवशी सकाळी भोजच्या बाजूला एका जैन शेतकऱ्याच्या वस्तीवर चहा-पोहे होते. दिगंबर मुनींची परंपरा ज्यांनी पुन्हा उभी केली ते आचार्य शांतिसागर ह्याच भोजचे, 1872 सालचा जन्म. आमच्या भागात गळ्यात माळ घातलेला, लिंग बांधलेला आणि सूर्य बुडायच्या आत जेवणारा, असे तिघे एकाच पाण्याच्या पाळीवरून भांडतात आणि एकमेकांच्या लग्नात वाढायलाही असतात. ते अण्णा पोहे वाढता वाढता आमच्या वीणेकऱ्याला चिडवत होते. "तुमचं सोपं हाय बघा. नाव घेतलं की पाप जळालं. आमच्यात माफ करणारा कोण न्हाईच. तेल लावलेल्या अंगाला धुरळा चिकटतो तसं कर्म चिकटतं, आणि झाडायचं ते ज्याचं त्यानंच." वीणेकरी हसून म्हणाले, "म्हणून तर तुमी नाष्टा देताय आणि आमी खातोय." सगळे हसले. मीही हसलो, पण तेल लावलेलं अंग काही डोक्यातून जाईना.

रस्ता म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. कार्तिकात कारखाने पेटलेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस, आणि पुढं कर्णा लावून गाणी. ट्रॅक्टर आला की चोपदार काठी आडवी करायचा, आम्ही कडेच्या शेणकुटात. एका ट्रॉलीवर उसाच्या माथ्याला दोन-अडीच वर्षांचं पोरगं झोपलं होतं. त्याच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधलेली, तिचं दुसरं टोक मोळीच्या आळ्याला. त्याची आई शेजारी बसून नख चावत होती. बीडकडची टोळी असणार. आमच्यातल्या कुणीतरी "रामकृष्णहरी माउली" म्हटलं तसे तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. पंढरपूर तिच्या गावाकडून आमच्यापेक्षा काही लांब नसेल. पण तिची कार्तिकी दर साली आमच्या फडात जाते.

दुपारी पायाला फोड आला. काकीनंच सुईत दोरा ओवून फोडातनं आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि कातडं सुटत नाही. वर तेल-हळद. एवढं करेपर्यंत ती तीनदा खोकली. चाळीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळलीय तिनं. तोंडाला पदर बांधला तरी धुरळा आत जायचा तो जातोच. मी नुसता पाय पुढं करून बसलो होतो. तिच्याकडं बघायचं टाळत.

रात्री सदलग्याला मुक्काम. कीर्तनकार बाहेरचे, आवाजाचे दमदार. विषय दुःखाचाच घेतला. सुख जवाएवढं आणि दुःख पर्वताएवढं, हे तुकोबांचं सगळ्यांना पाठ असलेलं. पुढं म्हणाले, की दुःख येतं ते मागल्या जन्मीच्या कर्मानं, देव कुणावर अन्याय करत नाही. इथं माझं डोकं फिरलं. ऑगस्ट 2019 चा महापूर ह्या मांडवातल्या अर्ध्या लोकांनी अंगावर घेतलाय. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा एकदम चढल्या. आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. बांध कोरणाऱ्याचं घर उभं राहिलं, कारण आबांनी भिंती विटांच्या बांधलेल्या. जिच्या काकऱ्या गेल्या तिचं मातीचं घर बसलं. आता हा हिशेब कुठल्या जन्माच्या वहीत लिहायचा? कीर्तनकाराला विचारायला हवं होतं. कीर्तनात विचारायची पद्धत नाही.

पण त्याच कीर्तनात त्यांनी दुसरी कथा लावली. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, सावकारी बुडाली. आणि नंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं काढली, भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. मांडवात टाळ्या झाल्या. मी मात्र तिथंच अडकलो. कागद बुडवले ते ज्याचं येणं होतं त्यानं. देणेकऱ्याला नदीत सोडायला काय असतं?

कारण माझ्याकडंही एक कागद होता. आबांचा नव्हे, माझा.

पुरानंतर सरकारनं घरांच्या याद्या केल्या. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, त्याखाली कमी-कमी गट. काकीचं घर दोन खणांचं, एक भिंत उभी राहिली होती. तेवढ्यावरनं ती खालच्या गटात गेली, पन्नास हजार. आणि आमचा गोठा. गोठा पडला होता हे खरं. पण गोठा. यादी करायला आलेल्यात एक ओळखीचा निघाला. एक जेवण आणि एक पाकीट, एवढ्यात गोठ्याचं घर झालं, आईच्या नावावर. पाच लाख तीन हप्त्यांत आले. त्या पैशानं मी वरचा मजला घातला. आबा 2017 लाच गेले होते, तेव्हा हे पाप त्यांच्या खात्यावर लावायची सोय नव्हती. बांधाबद्दल मी लोकांना अजून सांगू शकतो, बापाची गोष्ट म्हणून. यादीबद्दल आजवर बायकोखेरीज कुणाशी बोललो नाही.

दुसऱ्या रात्री अंकली. माउलींच्या पालखीपुढं जे दोन अश्व धावतात ते इथल्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबांनी सोहळा सुरू केला त्या काळापासून हा मान अंकलीकडं आहे. दरवर्षी ज्येष्ठात ते अश्व इथून आळंदीपर्यंत चालत जातात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. तिच्यावर माउली बसतात म्हणे. गावातल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला हे कानडी-मराठीची मिसळ करून सांगितलं आणि "बर्री, कुंद्री" म्हणत ओट्यावर बसवून घेतलं. ज्ञानोबांनीच विठ्ठलाला कानडा म्हटलंय, तेव्हा त्या ओट्यावर भाषेचा प्रश्न कुणी काढला नाही.

पहाटे काकडा झाला आणि आम्ही मांजरीच्या पुलावर आलो. खाली कृष्णा. कार्तिकात ती एवढी शहाण्यासारखी वाहते की हिनं येडूर-कल्लोळचा बंधारा दर पावसाळ्यात गिळलेला असतो हे सांगून पटायचं नाही. दिंडी पुलाच्या मध्यावर थांबली, बायका पाण्यात फुलं सोडत होत्या. काकी कठड्याला टेकून खोकला आवरत होती. मी जवळ गेलो आणि जसं जमेल तसं बोलून टाकलं. आधी बांध, मग यादी. क्रम मुद्दाम तोच ठेवला, हे आता कळतंय.

तिनं तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. "धर जरा. पदर खोचायचाय." पदर खोचून झाल्यावर म्हणाली, "बांधाचं तुझ्या काकास्नी पहिल्याच वर्षी कळलं हुतं."

"मग बोलले का नाहीत?"

"कसं बोलायचं? आमची थोरली बाळंतपणात अडली, तवा तुझ्या आबानं भर पावसात रातचा छकडा जुंपून निपाणीला न्हेली. पोरगी वाचली, नातू वाचला. त्या माणसाच्या दारात मोजणी आणायची? काका म्हणालं, जाऊ दे, चार काकऱ्या."

मी आयुष्यभर ज्या चांगल्यातून वाईट वजा करत होतो, ते चांगलंच त्या वाईटाला पहारा देत उभं होतं. छकडा जुंपला नसता तर दगड जागच्या जागी राहिला असता. आबांनी ते ठरवून केलं नसणार. भर पावसात कोण ठरवून बैल जुंपतं? पण झालं ते असं झालं.

"आणि यादी?" मी विचारलं.

"पंचायतीत भिंतीला लावली न्हवती व्हय? नातवानं वाचून दावली. तुझ्या गोठ्याला स्वयंपाकघर बी लिवलंय त्यात." ती हसली, हसताना परत खोकला आला. मग हसू गेलं. "त्या वर्षी मी पोरीच्या दारात सात म्हैनं काढलं. जावयाच्या घरात सात म्हैनं कसं असतंय ते तुला न्हाई कळायचं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे, माउलीच्या वाटेवर कशाला. किंवा रडेल, किंवा शिव्या देईल. तिनं फक्त तुळस परत मागितली आणि डोक्यावर नीट बसवली. "आदी बांध मोजून घे," म्हणाली. "पैशाचं नंतर बोलू." पुढं वीणा वाजली, दिंडी हलली. कागवाडपर्यंत ती माझ्यापुढं दहा पावलांवर चालत होती आणि एकदाही मागं बघितलं नाही. न्याहारीला मात्र पंगतीत माझ्या ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी तिच्याच हातची पडली. वाढणाऱ्यांत तिची पाळी होती, एवढंच असेल.

पुढचं मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर. त्यावर लोक भरपूर लिहितात. एकादशीला रांग एवढी की आम्ही नामदेव पायरीचं आणि कळसाचं दर्शन घेऊन वळलो. समोरच चोखोबांची समाधी. 1338 ला मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली, त्याखाली ते गेले. काकी तिथं बराच वेळ बसली. तिला पडलेल्या भिंती माहीत आहेत.

परत आल्यावर मोजणीचा अर्ज दिला. आई आठ दिवस बोलत नव्हती. आबांना मेल्यावर चोर ठरवतोस का, म्हणाली. तिचंही खोटं नाही. तारीख माघात मिळाली. सर्व्हेयर आला, साखळी धरायला मीच एका टोकाला आणि काकीचा नातू दुसऱ्या. गोठ्याच्या पायरीतला दगड पहारीनं उकरून काढला, तो दोघांना उचलेना इतका जड निघाला. पाच लाखांतले दीड आजवर दिलेत, बाकी दूध बिलातनं जातात आणि काकी ते नातवाकडून वहीत मांडून घेते. हप्ता चुकला की निरोप येतो.

मोजणीत चार काकऱ्या नाही निघाल्या. सहा निघाल्या. दोन काका गेल्यावरच्या होत्या, आणि त्या वर्षांत नांगर माझ्या हातात होता.