भंडारदऱ्याचा फेरा, पाणी डाव्या हाताला ठेवून

सायकलवर शेंडी गावाहून निघायचं आणि मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडीला यायचं. भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवतीचा हा फेरा ४५ ते ५० किलोमीटरचा आहे. एका बाजूला कळसूबाईची रांग, दुसऱ्या बाजूला रतनगड, आणि मधे प्रवरेचं अडवलेलं पाणी. डांबरी रस्त्यावर इतका शांत, सलग फेरा सह्याद्रीत फार कमी ठिकाणी मिळतो. मात्र वार आणि वेळ साधली नाही, तर हाच रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो.

मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी रात्रभर गाड्यांची रांग लागते. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार धबधब्यांचे. १५ ऑगस्टच्या आसपास तर कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावापासूनच कोंडी सुरू होते. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला लोक लोटतात, त्यामुळे घोटी-बारी रस्ता भरलेला असतो. हे दिवस सोडून द्यावेत. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार, हा खरा सायकलचा काळ. ऑक्टोबरात भात कापणीला आलेला असतो, उतारांवर खुरासणी पिवळी फुललेली असते आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते.

उजाडल्यावर लगेच निघा, पण अंधारात नको. अभयारण्याचा परिसर आहे, बिबट्याचा वावर आहे, आणि त्याहून रोजचा धोका म्हणजे रस्त्यात बसलेली गुरं.

दिशेचं महत्त्व इथे फार आहे. आधी मुरशेतकडे वळा, म्हणजे पाणी सबंध फेऱ्यात डाव्या हाताला राहतं आणि आपणही डावीकडूनच चालवत असल्याने मधे काही आडवं येत नाही. सकाळी ऊन पाठीवर येतं, डोळ्यांवर नाही. शिवाय मुरशेतच्या बाजूला तंबूवाल्यांचे तळ आहेत. तिथला मुक्काम हलायला नऊ-दहा वाजतात, तोवर आपण घाटघरला पोहोचलेलो असतो. उलट दिशेने गेलात तर नेमक्या त्याच गाड्या उतारावर समोरून येतात.

घाटघरला अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि रस्त्याची दशा त्या पावसानेच ठरते. पाणी साइडपट्टीतून डांबराखाली शिरतं, कडा खचते आणि काठावर तीन-चार इंचांची पायरी तयार होते. कडेला चिकटून चालवणाऱ्याचं चाक या पायरीवरून घसरलं की हँडल वळवून वर येता येत नाही, माणूस सरळ आडवा होतो. म्हणून काठापासून दोन-अडीच फूट आत राहा. खड्डे बुजवल्यावर उरलेली खडी गाड्यांच्या चाकांनी वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि मधोमध ढकलली जाते. त्यामुळे वळणावर चारचाकीच्या चाकाने साफ केलेला पट्टा धरायचा, मग तो आपल्या सोयीचा नसला तरी.

इथले चढ लांब नाहीत, पण उभे आहेत, आणि लागोपाठ येतात. गिअरचा हिशेब घरीच करून ठेवा. दहा टक्के चढ आणि सायकलसह ८० किलो वजन धरू. पुढच्या चकतीला ३४ दात, मागच्या चकतीला २८, पायाची गती मिनिटाला ६० फेरे: वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर, आणि पायांना साधारण २१५ वॉट द्यावे लागतात. मागे ३४ दातांची चकती असेल तर त्याच गतीला पावणेआठचा वेग आणि १७५ ते १८० वॉट. हा फरक पहिल्या चढाला जाणवत नाही, सातव्याला गुडघ्यात जाणवतो. पुढे तीन चकत्यांची साधी हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) असेल तर आतली २८ आणि मागची २८ मिळून तोच गिअर मिळतो. महागड्या रेसिंग सायकलीपेक्षा ती या रस्त्यावर जास्त उपयोगी, हे माझं ठाम मत आहे.

मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवताना डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात, लांब आहे का ते पाहा. आखूड पिंजऱ्याचे बरेच डिरेलर २८-३० दातांपुढे जात नाहीत. चेनची लांबीही नव्याने मोजा: पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न ओवता, चेन घट्ट फिरवायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवायच्या. डिरेलर आत किती सरकेल ते ठरवणारा लिमिट स्क्रू ढिला राहिला तर भर चढावर, सगळा जोर लावलेला असताना, चेन चकती ओलांडून आरांमध्ये पडते. मग डिरेलर चाकात ओढला जातो आणि तो ज्यावर लटकतो तो धातूचा तुकडा, म्हणजे हँगर, मोडतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणून आपल्या सायकलचा एक जादा हँगर पिशवीत असावा.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे घ्या. ७० किलोच्या माणसाने २८ला मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३२ला ६५ आणि ६० इतकी हवा भरावी. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. भोकं तशी जोडीने दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. दोन ट्यूब, पंप, पॅच आणि प्रेस्टा वाल्व्हचा (अशा सायकलींच्या ट्यूबच्या बारीक वाल्व्हचा) अडॅप्टर जवळ असू द्या. गावात पंक्चर काढलं तर मोटरसायकलचं निघेल, आपल्या सायकलची ७०० मापाची ट्यूब मिळेल असं धरून चालू नका.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम तापते आणि ट्यूबला धोका होतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक नेटाने लावून वेग उतरवायचा आणि वळणात सोडून द्यायचे.

सकाळी नऊच्या सुमारास गुरं चरायला बाहेर पडतात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ही डांगी जनावरं शांत असतात, पण घंटीने दचकतात. दुरून तोंडाने आवाज द्या, वेग चालीइतका करा आणि जनावराच्या मागून जा. पुढून गेलात तर ते त्याच दिशेने पाऊल टाकतं.

पाण्याच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या शेंडीतच भरून घ्या. साम्रद आणि रतनवाडीत ट्रेकर येत असल्याने घरगुती पिठलं-भाकरी मिळते, पण आधी सांगून ठेवावं लागतं. घाटघर-साम्रदकडे मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा निरोप शेंडीहूनच द्या आणि नकाशा उतरवून ठेवा. वनखात्याच्या नाक्यासाठी रोख पैसे असावेत. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात अर्धा तास तरी थांबाच. भिंतीवरचं कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी घाईत पाहायची गोष्ट नाही.

शेंडीत परतल्यावर रिमब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेक रिमवर घासतात त्यांनी) चाकं काढून ब्रेकचे रबर उन्हात धरून पाहावेत. ओल्या रस्त्यावरची दगडाची पूड आणि रिमचं घासलेलं अॅल्युमिनियम त्यात रुतून चमकत असतं. तो प्रत्येक कण सुईने उकरून काढा, नाहीतर पुढच्या उतारावर तोच रिमला कातत राहील.