एमबी मागा: गावातल्या १०० मीटर रस्त्याचा हिशेब

‘सगळे मिळून खातात’ या तक्रारीची चौकशी होत नाही. ‘वॉर्ड दोनमधल्या काँक्रीट रस्त्याची जाडी एमबीत (म्हणजे मोजमाप पुस्तिकेत) १५ सेंटीमीटर लिहिली आहे, जागेवर १० भरते’ या तक्रारीची करावी लागते. पहिली तक्रार पारावरची, दुसरी फाईलवरची. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत ११ तालुके आहेत आणि ग्रामपंचायतीवर नाराज माणसं प्रत्येक गावात सापडतील. पण मोजपट्टी आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बोलणारी थोडी. ती वाढावीत म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात एकाच कामापासून करा. पाच वर्षांचा सगळा कारभार एकदम मागितला की समोरचा ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर टाकून मोकळा होतो, आणि खरंच प्रती मिळाल्या तरी त्या गठ्ठ्यात आपणच हरवतो. काम निवडायला ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ पुरेसं आहे. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. १५व्या वित्त आयोगाच्या पैशात बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी बंधित ६० टक्के. तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. म्हणून बंधित निधीतून रस्ता किंवा कमान झालेली दिसली, तर पहिला प्रश्न तिथेच तयार होतो.

आता कागदांची नावं. सरकारी कामाला ठरलेला क्रम असतो: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि त्यावरची तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मग काम, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयक, शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला. यातल्या मोजमाप पुस्तिकेला सगळे एमबी म्हणतात. कनिष्ठ किंवा शाखा अभियंता जागेवर मोजून त्यात संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांच्या गुणाकाराचं परिमाण लिहितो. त्यावरचा अधिकारी तपासून सही करतो, आणि त्या आकड्यांवर बिल निघतं. सरपंच काय म्हणाले, ठेकेदार कोणाचा पाहुणा आहे, याला चौकशीत किंमत नाही. एमबीतला आकडा मात्र अभियंत्याच्या सहीचा असतो आणि तो जागेवर पडताळता येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राच्या नियमांत आहे. अर्ज फेटाळायला हे कारण हमखास वापरलं जातं. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. मजकूर साधारण असा असावा:

‘वॉर्ड क्र. २, मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा सिमेंट काँक्रीट रस्ता, आर्थिक वर्ष २०२४-२५. या कामाच्या पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, निविदा किंवा दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, काँक्रीट घन चाचणी अहवाल, सर्व देयके, काम पूर्णत्वाचा दाखला.’

बस, एवढंच. ‘रस्ता का खचला’, ‘दोषींवर काय कारवाई करणार’ असले प्रश्न अर्जात घालू नका. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद. ‘का’ चं उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, आणि त्या एका प्रश्नाच्या आडून बाकीच्या प्रतीही अडकवल्या जातात.

अर्ज ग्रामपंचायतीत दिला की बरेचदा उत्तर येतं, ‘एमबी पंचायत समितीत आहे, तिकडे मागा.’ तुम्ही तिकडे हेलपाटा घालायचा नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर ठेवून येऊ नका, पोस्टाने पाठवून पोच जपा. पोच नसेल तर ३० दिवस मोजायचे कुठून?

प्रती हातात आल्यावर आधी तारखा वाचा, आकडे नंतर. माझ्या मते निम्मी गडबड तारखांतच उघडी पडते. समजा एमबीप्रमाणे काँक्रीट २६ मार्चला पडलं आणि अंतिम देयक ३० मार्चला निघालं. काँक्रीटची ताकद त्याच काँक्रीटच्या १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर, म्हणजे घनांवर, २८ दिवसांनी तपासतात. म्हणजे तो निकाल २३ एप्रिलच्या आधी येऊच शकत नाही. सात दिवसांचा निकालसुद्धा २ एप्रिलचा. मग ३० मार्चचं अंतिम बिल कोणत्या चाचणीवर काढलं? मार्चअखेरच्या घाईत हे फार घडतं. आणि अहवालावर घन भरल्याची तारीख कार्यारंभ आदेशाच्याही आधीची निघाली, तर तो अहवाल दुसऱ्याच कुठल्या कामाचा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग आकडे. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. तोच रस्ता १० सेंटीमीटरचा केला तर ३०. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण १५ घनमीटर कमी पडलेलं असतं. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणात घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट जातं. म्हणजे १२० पोती फक्त कागदावर वापरली गेली. चाचणीचाही हिशेब आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला किमान चार नमुने घ्यायचे, दर नमुन्याला तीन घन, म्हणजे १२ घन. फाईलमध्ये तीनच घनांचा अहवाल असेल तर उरलेल्या नऊंबद्दल लेखी विचारा.

जाडी मोजायची सोपी वेळ म्हणजे साईडपट्टी भरायच्या आधी. एकदा कडेला मुरूम टाकला की बाजू झाकली जाते. काम चालू असतानाच दर दहा मीटरवर कडेला टेप लावा आणि फोटो असा काढा की टेपचा आकडा आणि मागचं ओळखीचं घर किंवा विजेचा खांब एकाच चौकटीत येईल. एक सावधगिरी: कडेला साचा लावून जाडी पूर्ण दाखवायची आणि मध्ये तळचा मुरूम उंच ठेवायचा, ही जुनी युक्ती आहे. म्हणून काँक्रीट पडण्याआधी दोन्ही बाजूंच्या साच्यांवरून आडवी दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून तळापर्यंतचं अंतर मोजा. रस्ता होऊन गेला असेल तर मधल्या भागातून कोअर (यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा उभा नमुना) काढून घेण्याची मागणी लेखी करा. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे दोन्ही हक्क दिलेले आहेत, पण वापरणारा क्वचितच भेटतो.

क्युरिंगकडे लक्ष द्याच. कोरड्या, कडक उन्हात काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओलं ठेवायचं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि गावात टँकर. मातीचे वाफे घालून पाणी साठवण्याऐवजी सकाळी एकदा बादलीने शिंपडलं की क्युरिंग झालं म्हणतात. तो रस्ता पहिल्या पावसाळ्यातच पांढरी भुकटी सोडतो. नाण्याने खरवडलं तरी पृष्ठभाग निघतो. काम चालू असताना रोजच्या तारखेचे फोटो ठेवले तर नंतर ‘जड वाहनांमुळे खराब झाला’ हे उत्तर टिकत नाही. खाली काळी माती असेल आणि मुरुमाचा थर अंदाजपत्रकापेक्षा कमी टाकला असेल, तर भेगा लांबीच्या दिशेने पडतात. तेव्हा एमबीत मुरुमाची ओळही तपासा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचं स्टॅम्प. अपिलीय अधिकाऱ्याचं पद कार्यालयाच्या फलकावर असायला हवं. फलकच नसेल तर त्याचा फोटो अपिलाला जोडा. तिथे ३० ते ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला तर ९० दिवसांत दुसरं अपील; सोलापूर जिल्ह्याचं काम राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे चालतं. दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे. खरं सांगायचं तर दुसऱ्या अपिलाला फार वेळ जातो, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती मात्र कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. तेव्हा उशिरा आलेलं ‘पानाला दोन रुपये भरा’ हे पत्र मुकाट्याने मान्य करू नका.

‘ठेकेदार त्रयस्थ पक्ष आहे’ किंवा ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येईल. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आणखी कडक झालं आहे. म्हणून कोणाचं बँक खातं, आधार किंवा पॅन मागूच नका. सार्वजनिक पैशाने झालेल्या कामाची एमबी ही कोणाची खासगी बाब नाही, आणि जनहिताचं कलम ८(२) अजून जागेवर आहे. अपिलात ते नावानिशी लिहा.

अर्ज न करताही एक वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरावरची आणि खालची कार्यालयं, स्थानिक स्वराज्य संस्थांसकट, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्यासाठी खुली ठेवायची आहेत. त्याची छापील प्रत सोबत न्या. ‘आज साहेब मिटिंगला गेलेत’ असं ऐकू आलं, तर तेच वाक्य तारीख आणि वेळेसह अर्जावर लिहून आवकला द्या.

शहरातही हीच रीत. सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवनात किंवा झोन कार्यालयात गेलात तरी रस्त्याचं नाव, कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत आणि आर्थिक वर्ष या तीन गोष्टी नेमक्या हव्यात. ड्रेनेज किंवा जलवाहिनीसाठी खोदलेला रस्ता असेल, तर पूर्ववत करण्याचे पैसे कोणी, किती भरले आणि तो भाग कोणी बुजवला हेही मागा.

ग्रामसभेत हे कागद मांडताना आरडाओरडा टाळा. सूचना सात दिवस आधी हवी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. प्रश्न दोन दिवस आधी लेखी देऊन पोच घ्या आणि सभेत आग्रह एवढाच धरा की प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात यावेत. खरी अडचण इतिवृत्ताचीच आहे. सह्या आधी घेतल्या जातात, ठराव नंतर लिहिले जातात, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांत तुमचा विरोध नाहीसा होतो. सही करण्यापूर्वी पान बघा. हजेरीच्या शेवटच्या सहीखाली रेघ मारून फोटो काढा आणि आठवड्याच्या आत इतिवृत्ताची प्रत मागा. त्याच वेळी नमुना ५, म्हणजे रोकड वही, आणि लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप सभेपुढे ठेवायला सांगा. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप वर्षानुवर्षं ‘अनुपालन सादर करण्यात येईल’ एवढ्या ओळीवर पडून असतात. तुमचं काम त्या यादीत आधीच असेल, तर अर्धी चौकशी झालेली आहे.

तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. एका पानाची: एमबी पान क्रमांक, त्यातली जाडी, जागेवरची जाडी, फोटो क्रमांक. मागणी तीनच ओळींची: तक्रारदाराच्या उपस्थितीत फेरमोजणी, कोअर चाचणी, फरकाच्या रकमेची वसुली. फेरमोजणीच्या दिवशी पंचनाम्यावर सही करण्याआधी आकडे स्वतः वाचा. तालुका लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. जिल्ह्याचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तो विषय त्याआधी तालुक्याला गेलेला लागतो. सरपंच किंवा सदस्याचं गैरवर्तन सिद्ध होत असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ आहे. पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा, म्हणजे आपल्यासाठी पुण्याचा. सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटवर धरणं धरायचं असेल तर ते चौकशी अहवालाच्या मागणीसाठी धरा, कागदाच्या आधी नको.

अर्ज एकट्याच्या नावाने नको. वेगवेगळ्या गल्लीतल्या तिघा-चौघांनी वेगवेगळ्या कामांचे करावेत, म्हणजे दबाव एकाच घरावर येत नाही. आणि ‘मिटवून टाका’ म्हणून कोणी चहाला बोलावलं तर जाऊ नका. माहिती अधिकाराच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांनी खऱ्या अर्जदारांचं फार नुकसान केलं आहे. एकदा तो डाग लागला की तुमच्या अचूक मोजमापालाही कोणी विचारत नाही.

एक तारीख मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवा. कार्यारंभ आदेशात किंवा करारात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो, आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत कार्यालयाकडे राहते. त्या मुदतीत भेग पडली तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने करून घ्यायची असते. अनामत परत गेली की वसुलीचा सोपा मार्ग बंद होतो. म्हणून मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी ‘अनामत परत करू नये’ असं पत्र आवकला पडलेलं असू द्या.