लेकीची असेसमेंट करायचं ठरलं

लेकीची डेव्हलपमेंटल असेसमेंट, म्हणजे तिला ऑटिझम किंवा एडीएचडी असं काही आहे का याची तपासणी, करून घ्यायची असं आम्ही नवरा-बायकोनी शेवटी ठरवलंय. ऑटिझम म्हणजे लोकांत मिसळण्याची, आवाज-स्पर्श जाणवण्याची पद्धतच वेगळी असणं, आणि एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा एका जागी बसवत नाही ते. ठरवायला खूप महिने गेले आणि ते का गेले हे लिहावंसं वाटतंय, कारण देवगड-कणकवलीकडे माझ्यासारख्या अजून आया असणारच ज्या रात्री मोबाईलवर हेच शोधत बसतात.

मुलगी दुसरीत आहे. अभ्यासात चांगली, वाचतेही छान. शाळेत बाईंना विचारलं तर म्हणतात, "काही त्रासच नाही हो तिचा, एवढी शांत मुलगी!" आणि तेच मला खुपतं, कारण ती शांत मुलगी घरी आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आतल्या खोलीत तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसते, कानावर दोन्ही हात, डोळे गच्च मिटलेले, हाक मारली तरी उत्तर नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासानी आपणहून बाहेर येऊन भात मागते. भातावर काही नको, आमटीचा थेंब लागला तर ताट सारते. गणपतीत आरती सुरू झाली, झांजा वाजायला लागल्या की ती मागीलदारी. मध्ये एकदा मी तिच्या वेण्या घालत होते तर मला म्हणाली, "आई, बाकीच्या मुलींना आवाज कमी ऐकू येतो का गं?" मला काय बोलावं तेच सुचेना. म्हणजे तिनेच स्वतःशी विचार करून ठेवला होता की वर्गातला गोंगाट बाकीच्यांना त्रास का देत नाही.

सासूबाईंचं ठाम मत, "चेडवाक काय्येक झालेला नाय, तिका खंय नेतस? तिचो बापूस पण असोच होतो." हे खरंच आहे, नवरा लहानपणी असाच होता असं सगळेच सांगतात, पण ऑटिझम, एडीएचडी घराण्यात दिसतात हे डॉक्टरही सांगतातच, म्हणजे आईंचं बोलणं मला तपासणीच्या बाजूचंच वाटतं. नवऱ्याची भीती वेगळी, एकदा शिक्का बसला की पुसत नाही, गाव लहान, उद्या लग्नाचं काय. भीती खोटी नाही. पण गावानी तिला नावं आधीच ठेवलीयत ना, शिष्ट आहे, हट्टी आहे, आईनी लाडावून ठेवलीय. ही नावं ती ऐकते, आणि त्यातलं एकही कुठल्या जाणकारानी दिलेलं नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडे "जरा थांबूया" ला अंत नसतो. आंब्याचा सिझन संपू दे, मग पाऊस कमी होऊ दे, मग गणपती, मग दिवाळी, मग शिमगा आणि लगेच परत आंबा. थांबून काही बिघडत नाही असं वाटतं पण तिकडे ती रोज शाळेतून तशीच दमून येतेय ना.

मी जे वाचलं, विचारलं त्यातलं कामाचं तेवढं सांगते. ऑटिझम किंवा एडीएचडी सांगणारी रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन नसतो. डॉक्टर बाळंतपणापासूनचा इतिहास विचारतात, मुलाशी खेळतात, बोलतात, शाळेकडून माहिती मागवतात, आणि ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यायला सांगतात. एडीएचडीसाठी लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली आणि कमीत कमी दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. मुलींमध्ये ऑटिझम बरेचदा उशिरा कळतो कारण त्या बाकीच्या मुलींचं बघून बघून तसं वागायला शिकतात, आणि त्यातच दमतात. हे वाचलं तेव्हा मला कणगीच आठवली.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी वाट पण आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं आणि गरज वाटली तर पुढे पाठवतं. आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतं. आणि नवऱ्याचा सगळ्यात मोठा गैरसमज ज्यानी दूर झाला ती गोष्ट, असेसमेंट आणि दिव्यांग सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, पण सर्टिफिकेटसाठी अर्ज आपण केला तरच. रिपोर्ट आपल्याकडे राहतो, शाळेला दाखवायचा की नाही ते आपण ठरवायचं. आम्ही सर्टिफिकेटचं आत्ता बघणारच नाहीये. मला फक्त हे कळायला हवंय की तिला नक्की कशाचा त्रास होतो आणि वर्गात तिला कुठे बसवावं, सुट्टीत तिला जरा शांत जागा देता येईल का, आणि काहीच निघालं नाही तरी चालेल, तिचं दमणं तर खरंच आहे.

सिझन आटोपला की जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला जातोय, शाळा सुरू व्हायच्या आत. ऐकण्याची तपासणी इकडेच होईल. मी वहीत लिहून काढतेय, कधी बसली, कधी चालली, पहिला शब्द कुठला, आणि लिहिताना लक्षात आलं की यातलं निम्मं मला नाही, आईंनाच आठवतंय, कारण ती वर्षाची असताना मी नोकरीला जात होते आणि ती दिवसभर त्यांच्या मांडीवर. परवा त्यांनीच सांगितलं की मिक्सर लावला की ती तेव्हापासून निळी पडेपर्यंत रडायची, म्हणून त्या चटणी पाट्यावर वाटायच्या. हे मला माहीतच नव्हतं. मग मी म्हटलं तुम्हीच चला, डॉक्टरांना तुम्हीच सांगा. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "येतंय, पण माका खालचो बर्थ होयो." कोकणकन्येची तिकिटं काढलीयत, खालचा बर्थ मिळालाय.